सगळे (मी डावीकडे)

माणूस गेल्यावर त्याच्या माघारी काय काय करावं, याबद्दल जगात भरपूर लिहून ठेवलेलं आहे. मी ग्रंथालयात नोकरी करते, त्यामुळे त्यातलं बरंचसं माझ्या हाताखालून गेलं आहे. कपड्यांचं काय करावं, चष्म्याचं काय करावं, किती रडावं आणि कधी थांबावं, सगळं आहे. पण त्या माणसाला एक तृतीयांशाने रुंद करावं की डोक्याकडून आठवा भाग कापून टाकावा, असा पेच पडला तर काय करावं, यावर एकाही ग्रंथकाराने एक ओळ खरडलेली नाही. हा विषय मला एकटीला हाताळावा लागला. किती वाईट हाताळला, ते पुढे येईलच.

सुरुवात आईच्या एका वाक्याने झाली. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मी शेजारी उभी राहून तिने घातलेल्या घड्या पुन्हा घालत होते. ही सवय मला त्या वर्षातच लागली. बसून राहिलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं, म्हणून मी बसतच नसे. आई दिवसातून दहा वेळा म्हणायची, "बस गं जरा," आणि मी दहा वेळा म्हणायचे, "बसते, एवढं झालं की."

तर आई टॉवेल झटकत म्हणाली, "ह्यांचा चेहरा फोटोत आहे. आवाजही अजून कानात आहे. पण चालायचे कसे, ते डोळ्यांसमोर येईनासं झालंय बघ."

एवढंच. मग तिने टॉवेलची घडी घातली आणि ती चक्क चुकली. माझ्या आईची टॉवेलची घडी चुकताना मी आयुष्यात पाहिली नव्हती.

बाबांची चाल विसरण्यासारखी नव्हती खरं तर. त्यांचं तसबिरी मढवण्याचं दुकान होतं. चाळीस वर्षं काखेत काच धरून हिंडल्यामुळे त्यांचा डावा खांदा खाली उतरला होता आणि हात रिकामे असले तरी ते काच असल्यासारखेच चालत: थोडे तिरके, समोरून येणाऱ्याला वाट देत, दारातून आत शिरताना हमखास आडवे होऊन. लग्नाच्या हॉलच्या बारा फुटी दारातूनही ते आडवे शिरत.

त्यांचं चालणं टिपलेली एकच व्हिडिओ कॅसेट होती, कारण कॅमेरा नेहमी त्यांच्याच हातात असे. आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा गच्चीवर सगळ्यांना मांडून बसवून त्यांनी ती घेतली होती. ती मला दुकानाच्या कपाटात, माउंटच्या कागदांच्या तुकड्यांखाली सापडली. वर त्यांच्या टोकदार पेन्सिलीने लिहिलं होतं: 'सगळे (मी डावीकडे)'.

मी तिथेच ठरवलं. वर्ष पुरं होतं त्या रविवारी सगळी घरची माणसं जमणार होती. त्या दिवशी आईला बाबा चालताना दाखवायचे. हातात सोळा दिवस होते, आणि काम एका दिवसाचं होतं. निदान स्टुडिओवाला तसं म्हणाला.

आमच्याकडे टीव्ही होता तो भिंतीएवढा. दादा दुसऱ्या गावाहून पंधरा दिवसांची रजा काढून आला आणि आल्या दिवशी बॅग उघडायच्या आधी त्याने तो भिंतीवर लटकवला. आईचा वेळ जावा म्हणून. आईचा वेळ त्याच्यावरची धूळ पुसण्यात बरा जात असे. त्या टीव्हीबद्दल दादाला जे प्रेम होतं ते मी त्याच्या चेहऱ्यावर वहिनीसाठीही कधी पाहिलेलं नाही, आणि हे मी वहिनीच्या संमतीने लिहिते आहे.

स्टुडिओवाला हा गावातला शेवटचा माणूस, ज्याच्याकडे कॅसेट चालवायचं यंत्र शिल्लक होतं. त्याला त्याची पुरेपूर जाणीव होती. त्याने माझ्यापुढे एक फॉर्म सरकवला.

"ताई, टेन्शन नाही. एवढं भरा. आणि इथे चित्रीकरण करणाऱ्याची सही."

"चित्रीकरण वडलांनी केलंय. ते नाहीत."

"मग ते आले की या. दोन वाजेपर्यंत असतो मी."

त्याला माझा चेहरा बघून कळलं असावं, कारण तो गडबडून उभा राहिला, स्टुलाला धडकला आणि म्हणाला, "सॉरी, ताई. मग दाखला लागेल." दुसऱ्या दिवशी मी मृत्यूचा दाखला घेऊन गेले. बँक, वीज कंपनी, विमा कार्यालय यांच्यामागून आता एका कॅसेटलाही माझे वडील गेल्याचा पुरावा हवा होता. त्याने दाखला उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "यात कॅसेटचा उल्लेख नाही?"

फॉर्मवर पुढचा प्रश्न होता चित्राच्या आकाराचा. त्याने मला समजावून सांगितलं. जुनं चित्र चारास तीन, म्हणजे जवळजवळ चौकोनी. नवा पडदा सोळास नऊ, म्हणजे आडवा लांबडा. एक दुसऱ्यात बसत नाही. म्हणून दोन चौकटी छापल्या होत्या: 'ताणून' आणि 'कापून'.

"आणि आहे तसं?"

"आहे तसं कोण घेतं, ताई?"

मी समासात नीट अक्षरात लिहिलं, 'आहे तसं'. त्याने फॉर्म परत केला. "समासात लिहायचं नाही. मशीन वाचत नाही." समासात लिहिणाऱ्या वाचकांना मी स्वतः वीस वर्षं दंड करत आले आहे, त्यामुळे मला वाद घालता येईना. मी 'ताणून'वर खूण केली. कापण्यापेक्षा ताणणं दयाळूपणाचं वाटलं.

चार दिवसांनी आम्ही ते लावलं. आम्ही म्हणजे आई, दादा, वहिनी, मी आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त अभियंते. यांना घरात आम्ही 'तज्ज्ञ' म्हणतो. त्यांना कोणी बोलावत नाही; नळाला पाणी आल्यासारखे ते येतात. आईला हे आधी दाखवायचं नाही, तपासून मग रविवारीच दाखवायचं, असं माझं पक्कं ठरलेलं होतं. पण दादाने टीव्हीचा आवाज इतका मोठा ठेवला होता की आई हात पुसत बाहेर आली ती आलीच.

पडदा काठोकाठ भरला होता. गच्चीवर तेवीस लठ्ठ माणसं बसली होती. आजोबा, जे आयुष्यभर काडीसारखे होते, ते कोठारासारखे दिसत होते. आजीच्या गोल चेहऱ्याचा लंबगोल झाला होता, आडवा. आठ वर्षांची मी एका हातात फुगा घेऊन उभी होते आणि फुगा कलिंगडासारखा होता. मग डावीकडच्या कठड्याच्या कडेने एक ऐसपैस गृहस्थ डुलत डुलत आले.

"हे कोण?" आई म्हणाली.

दादाने टीव्हीचा आवाज कमी केला.

"अगंबाई," आई चष्मा सावरत म्हणाली, "हे? चाळीस वर्षं रांधून रांधून वाढलं, अंगाला म्हणून लागलं नाही. आणि या मशीनने चार दिवसांत करून दाखवलं!"

ती हसली. वर्षभरात ती अशी हसली नव्हती, त्यामुळे मला राग येण्याची सोय राहिली नाही. पण दोन मिनिटांनी ती उठून आत गेली आणि जाता जाता म्हणाली, "चाल मात्र ही नव्हे. हे तर बदक चाललंय."

"मला तर उत्तम वाटलं," तज्ज्ञ म्हणाले. "तत्त्वतः पडदा भरला पाहिजे. पडदा भरला नाही तर मग एवढा घेतला कशाला?"

"बघ ना," दादा मला म्हणाला. "तुला सगळ्यात खोटच दिसते."

"दादा, बाबा ओळखू येत नाहीयेत."

"ओळख असली की ओळखू येतात."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा स्टुडिओत. या खेपेला 'कापून'.

कापण्याचं तंत्र असं, की चित्राची रुंदी पडद्याला भिडवायची आणि मग उंची जी जास्त होते ती वरून आठवा भाग, खालून आठवा भाग छाटायची. माणसं लठ्ठ होत नाहीत. फक्त उंच माणसांनी आपापलं बघायचं. बाबा उंच होते. त्यांनी कॅमेरा पाण्याच्या टाकीवर ठेवून चालू केला होता, आणि मग शिडी उतरून, कठड्याच्या कडेने सगळ्यांच्या मागे जाऊन ते उभे राहिले होते. जवळ असताना ते चित्राच्या तळाशी होते, लांब गेल्यावर माथ्याशी. म्हणजे कापलेल्या प्रतीत सुरुवातीला त्यांना पाय नव्हते आणि शेवटी डोकं.

"शर्ट त्यांचाच आहे," आई म्हणाली. या खेपेला तिला बोलवावंच लागलं, कारण ती आता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभीच राहत असे. मी तिला लपवून काही करते आहे हे तिला कळलं होतं, आणि तिला कळलं आहे हे मला.

स्टुडिओवाल्याने उदारपणे पर्याय दिला. "डोकी हवीत की पाय, ते सांगा. टेन्शन नाही."

"दोन्ही."

"मग चित्र हलतं ठेवू. आधी खालचं दाखवू, मग हळूहळू वर जाऊ."

त्याने तसं केलं. पण त्याचा 'हळूहळू' आणि बाबांचा वेग जुळेना. तो पायांशी असायचा तेव्हा बाबा पुढे गेलेले, तो वर धावायचा तेव्हा बाबा थांबलेले. मध्येच तो घाबरून खाली यायचा. वहिनीला मळमळलं. वरच्या मजल्यावरच्या काकू, ज्या फक्त चाळणी मागायला आल्या होत्या, त्या सोफ्याचा हात धरून म्हणाल्या, "बोटीवर घेतलंय का हो हे?"

इथे मला थोडं स्वतःबद्दल सांगू द्या. मी भांडखोर नाही. वीस वर्षांत मी ग्रंथालयात आवाज चढवलेला नाही; आमच्याकडे तो चढवायची परवानगीच नाही. पण त्या आठवड्यात मी कामावर एका सज्जन वाचकाला, ज्यांनी पुस्तकाचं पान दुमडलं होतं, असं काही बोलले की त्यांनी सभासदत्व परत केलं. वरिष्ठांनी मला बोलावून विचारलं, "घरी सगळं ठीक?" मी म्हटलं, "हो. वडलांच्या आकाराचा थोडा प्रश्न आहे." त्यांनी मला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. ती मी स्टुडिओत घालवली.

तिथे तिसरा प्रकार निघाला. चित्र मधोमध आहे तसं ठेवायचं आणि दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागेत त्याच चित्राचा मोठा, धूसर तुकडा पसरायचा. "सगळीकडे हेच चालतं आता," स्टुडिओवाला म्हणाला. मग घरी आल्यावर दिसलं ते असं, की बाबा नेमके डाव्या टोकाला उभे, आणि त्यांच्या शेजारी त्यांच्याच शर्टाच्या रंगाचं एक प्रचंड धुकं. ते चालले की धुकं चालायचं.

आईने चष्मा काढला, पुसला, लावला. मग पुन्हा काढला.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना गं माझं?"

"झालंय, आई. दोन्ही डोळ्यांचं."

"मग परत आला वाटतं."

तिला डॉक्टरांकडे न्यावं लागलं. डोळे उत्तम निघाले. दवाखान्यातून परत येताना रिक्षात ती म्हणाली, "राहू दे गं. नाही दिसले तर नाही दिसले. तू किती पळतेस." मी म्हटलं, "आई, नीट करते मी." पुढे आम्ही दोघी दोन वेगळ्या बाजूंना बघत राहिलो.

शुक्रवारी मी फॉर्मवर दोन्ही चौकटी खोडल्या, त्यांच्यामध्ये जेमतेम बोटभर जागा होती तिथे 'आहे तसं' लिहिलं आणि खाली सही ठोकली. "समास नाही हा," मी म्हटलं. स्टुडिओवाल्याने फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच 'टेन्शन नाही' न म्हणता आत गेला. तासाभराने तो बाहेर आला. "ताई, यात काही करावंच लागलं नाही," तो जरा ओशाळून म्हणाला.

ती प्रत बघितली आणि मला इतकं बरं वाटलं की मी जवळजवळ बसले. माणसं माणसांएवढी होती. डोकी आणि पाय ज्याचे त्याला. फक्त चित्राच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या काळ्या पट्ट्या होत्या, दोन हात उंच, वीतभर रुंद.

घरात बंड झालं.

"टीव्ही बिघडल्यासारखा दिसतोय," दादा म्हणाला. "मी परवा पाहुण्यांना काय सांगू?"

"सांग की चित्र जुनं आहे."

"काळ्या पट्ट्या!" वरच्या काकू म्हणाल्या. चाळणी परत करायला आल्या होत्या. "वर्तमानपत्रात निधनाच्या बातमीला असतात तशा. मेलं, मला तर धस्स झालं."

"तत्त्वतः," तज्ज्ञ म्हणाले, "हा पंचवीस टक्के पडद्याचा अपव्यय आहे."

"अहो, पण तो आमचा पडदा आहे ना!" मी म्हटलं. हे मी जरा मोठ्याने म्हटलं असावं. तज्ज्ञ उठले, शांतपणे चपला घातल्या आणि म्हणाले, "मी हिताचं सांगत होतो." दहा मिनिटांनी ते टेप घेऊन पट्ट्या मोजायला परत आले.

आई दुपारची झोपली होती म्हणून तिने ती प्रत पाहिली नाही. मी मनाशी म्हटलं, बरंच झालं, आता रविवारीच पाहील. पण पट्ट्यांवरून दादाने तोंड फुगवलं होतं. त्याची रजा संपत आली होती, आणि बाबांच्या वर्षाच्या दिवशी आम्ही दोघं भिंतीवरच्या एका यंत्रावरून अबोला धरून बसणार असं दिसत होतं. अशा वेळी मी लहानपणापासून जिथे जाते तिथे गेले. दुकानात.

दुकान आता गुण्याकाका बघतात. ते बाबांबरोबर तीस वर्षं होते. खिशात पेनच्या जागी ते गुण्या ठेवतात, तो काटकोन बघायचा असतो ना, सुताराचा, तो. त्यांच्या मते जगातली बहुतेक दुःखं नव्वद अंशांत एखादा अंश कमी पडल्यामुळे होतात. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, तू कोणाची गं मुलगी?"

"का?"

"चित्र लहान, चौकट मोठी. रोज दहा गिऱ्हाइकं येतात असली. तुझा बाप त्यांना काय म्हणायचा? चित्र ताणा? कापा? माउंट लाव की."

खरंच. इतकी साधी गोष्ट. चित्र आणि चौकट यांच्यामध्ये जो जाड कागद असतो, मधोमध खिडकी कापलेला, तो माउंट. टीव्हीला माउंट! काळ्या पट्ट्या झाकल्या जातील, चित्राला धक्का लागणार नाही, दादाच्या पडद्यावर रिकामी जागा दिसणार नाही. मला बाबाच भेटल्यासारखं झालं.

शनिवारी गुण्याकाका घरी आले. त्यांनी चित्र एका जागी थांबवून पडदा तीनदा मोजला. तज्ज्ञांनी चौथ्यांदा मोजला आणि एका सुताच्या फरकावरून भांडण काढलं. सायीच्या रंगाचा कागद दुकानातून चौघांनी आडवा धरून आणला. रस्त्यात लोक वाट देत होते. गुण्याकाकांनी तिरक्या पात्याने खिडकी कापली, कडा अशा सुरेख उतरत्या की दादाही जवळ येऊन बोट फिरवून गेला. माउंट चढवला आणि टीव्ही चालू होईना, कारण रिमोटचा डोळा कागदाखाली गेला होता. त्याच्यासाठी एक बारीक भोक पाडलं. तज्ज्ञांनी रिमोट धरून दाखवलं की आता सोफ्याच्या एकाच विशिष्ट जागेवरून टीव्ही चालू करता येईल, आणि ती जागा त्यांनी रविवारसाठी राखून ठेवली.

खरंच देखणं दिसत होतं. एवढी मोठी तसबीर आमच्या दुकानातून कधी गेली नव्हती. दादा माझ्याशी बोलला. म्हणाला, "चांगलं झालं गं." मी त्या आनंदात चित्र पुन्हा चालवून पाहिलं नाही. थांबवलेलं चित्र सुरुवातीचं होतं, बाबा त्यात अजून यायचेच होते. हे मी आता लिहिते आहे, तेव्हा सुचलं नाही.

रविवारी दुपारी चार वाजता बाहेरच्या खोलीत सव्वीस माणसं होती. आई सोफ्यावर मधोमध. तज्ज्ञ त्यांच्या विशिष्ट जागेवर. मी दाराशी उभी.

चित्र सुरू झालं. गच्चीवर सगळे ओळीत बसून वर टाकीकडे बघत होते. गेलेली माणसं दिसली तशी खोलीत कुजबुज झाली. "अगं मावशी बघ." "किती बारीक होतास तू." आणि मग पडद्यावरचे सगळे एकदम डावीकडे बघायला लागले. तिकडून कोणीतरी येत होतं.

खोलीतले आम्हीही डावीकडे बघू लागलो. सायीच्या रंगाच्या कागदाच्या कडेपाशी एक कोपर दिसलं. गेलं. पुन्हा दिसलं. एकदा बुटाची टाच. मग काहीच नाही. पडद्यावरचे लोक हसले, खोलीतल्या कुजबुजीत ऐकू आलं नाही असं कोणाला तरी काही म्हणाले, आणि समोर बघू लागले.

"झालं?" आईने विचारलं.

"थांबा, पुन्हा लावा," मी तज्ज्ञांना म्हटलं. त्यांनी लावलं. कोपर. कोपर. टाच.

"गुण्याकाका," मी म्हटलं, "तुम्ही खिडकी किती कापलीत?"

गुण्याकाका भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. "नेहमीसारखीच. चित्रापेक्षा लहान. कडेला चित्र थोडं दाबायचंच असतं, नाहीतर फट दिसते. हातभर चित्राला पाऊण इंच. एवढ्या मोठ्याला..." ते बोटांवर मोजायला लागले आणि मध्येच थांबले. "दोन इंच. सगळ्या बाजूंनी. प्रमाण सोडायचं नाही म्हणून तुझ्या बापानेच शिकवलंय, पोरी."

बाबांच्या नियमाने, बाबांच्या पात्याने, बाबांच्या कागदाखाली आम्ही बाबांना दोन इंच दाबून टाकलं होतं. खरं तर दोष त्यांचाही होता. चौकट त्यांनीच बांधली होती, तेवीस जणांना नीट सुटं सुटं बसवलं होतं, आणि स्वतःसाठी जागा ठेवायची विसरून गेले होते. मला वाटलं, संपलं. सोळा दिवस धावून मी आईला एक कोपर दाखवलं.

आई उठली. टीव्हीपाशी गेली. माउंटच्या डाव्या कडेखाली तिने बोट घातलं, पडदा बाजूला करून बघावं तसं डोकावून पाहिलं, आणि मग तो एवढा कारागिरीचा कागद दोन्ही हातांनी धरून ओढला. तो टर्रकन निघाला. गुण्याकाकांनी डोळे मिटले.

"आता लावा," ती तज्ज्ञांना म्हणाली.

दोन काळ्या पट्ट्या आणि मधे गच्ची. सगळे डावीकडे बघू लागले. आणि कठड्याच्या अगदी कडेने, डावा खांदा उतरलेला, हात रिकामे, काखेत न दिसणारी काच, बाबा आले. थोडे तिरके. वाट द्यायला समोर कोणी नव्हतं तरी वाट देत. मी पावलं मोजली. अकरा. मागच्या ओळीच्या टोकाला जाऊन ते वळले तेव्हा त्यांचा अर्धा खांदा चित्राबाहेर होता.

"अहो, आत सरका ना जरा!" पडद्यावरची तरुण आई मान वळवून म्हणाली.

"मावतोय, मावतोय मी," बाबा म्हणाले.

आई टीव्हीपासून हातभर अंतरावर उभी होती. तिने हाताने खूण केली आणि तज्ज्ञांनी, 'तत्त्वतः' न म्हणता, पुन्हा सुरुवातीपासून लावलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी आई चित्राकडे बघत स्वतःशीच म्हणाली, "बघा, असे चालायचे."

दादाने नाक ओढलं. मग काहीतरी करायला हवं म्हणून म्हणाला, "आई, पट्ट्या काढता येतील गं. मी एकाला ओळखतो, तो बाजूने..."

"असू दे ती पट्टी." बाबांचा उरलेला खांदा जिथे असायला हवा होता, त्या काळ्या जागेवर आईने हात ठेवला. "त्यांना उभं राहायला जागा नको का?"

गुण्याकाका फाटलेला माउंट उचलून त्याचे कोपरे तपासत होते. त्यातून दोन लहान तसबिरी सहज निघतील असं ते वहिनीला सांगत होते. आई परत सोफ्यावर येऊन बसली आणि मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"आणि तू काय दाराशी? झालं ना आता तुझं? बस."

सोफ्यावर जागा नव्हती. मी आईच्या डाव्या हाताला, अगदी टोकाला टेकले. अर्धी बाहेरच.

"आत सरक की," आई म्हणाली.

"मावतेय," मी म्हटलं.